वाचक विचारतात : चोर्ल्यामागचा हिरवा गोळा

प्रश्न : रात्री पूर्वेला हिरवट आगीचा गोळा दोन-तीन सेकंद दिसला आणि चोर्ला घाटामागे पडला. आवाज नाही. अमेरिकी लष्कराने अशा गोळ्यांचा तपास केला होता म्हणे. तो कसा? आणि आम्ही तुकडे कुठे शोधावेत? – एक वाचक, डिचोली

उत्तर : घाटात शोधायला जाऊ नका. हात लांब करून मधली तीन बोटे आडवी धरा, ते साधारण 5 अंश. गोळा क्षितिजापासून तेवढा वर विझला आणि उल्का 30 किलोमीटर उंचीवर विझली असे धरले, तर ती तुमच्यापासून 270 किलोमीटरवर होती, म्हणजे जवळजवळ हंपीला! ‘डोंगरामागेच पडला’ असे वाटते ते यामुळे. आवाज मिनिटाला 18 ते 20 किलोमीटर जातो. इतक्या दुरून तो ऐकू येण्याची आशा नाहीच. हिरव्या रंगाचेही नवल नको, मॅग्नेशियम आणि निकेल तसेच जळतात.

अमेरिकेतले गोळे 1948 च्या अखेरीस न्यू मेक्सिकोत, लॉस अलामॉस आणि सँडिया या अण्वस्त्र केंद्रांच्या परिसरात दिसले. लष्कर घाबरले ते त्या जागेमुळे. उल्कातज्ज्ञ लिंकन लापाझ यांनी साक्षीदारांना गाठून दिशा मोजल्या, नकाशावर रेघा ओढल्या आणि दगड जिथे पडायला हवा तिथे शोधले. काही मिळाले नाही. मार्ग आडवा, आवाज नाही. म्हणून या उल्का नव्हेत असे त्यांचे मत झाले. मग हवाई दलाने ‘प्रोजेक्ट ट्विंकल’ काढले. तीन ठिकाणी कॅमेरे लावायचा बेत होता, पण तो पुरता जमला नाही. तपास अडला तो इथे, कारण एका ठिकाणच्या फिल्मवरून दिशा कळते, अंतर नाही. 1951 मध्ये काम गुंडाळले. अहवालाचा कल नैसर्गिक कारणाकडे होता.

तुम्हाला हवा दुसरा, लांबचा साक्षीदार, शक्यतो काणकोणचा, म्हणजे दोघांच्या दिशांच्या रेघा नकाशावर एकमेकींना छेदतील. ज्याने जिथून गोळा पाहिला त्याने तिथेच उभे राहून होकायंत्राने सुरुवातीची आणि शेवटची दिशा घ्यावी, उंची बोटांनी. दारचा सीसीटीव्ही असेल तर फुटेज आजच काढून ठेवा. जुने आपोआप पुसले जाते. डीव्हीआरचे (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचे) घड्याळ मोबाईलशी ताडून फरक लिहा, ते हमखास चुकलेले असते.

गोळा मिनिटभर सावकाश, तुकड्यांची रांग घेऊन गेला असता तर उत्तर वेगळे. 2 एप्रिल 2022 ला विदर्भावर दिसले ते चिनी रॉकेटचे अवशेष होते. त्यातले धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला पडले.