बॉबिनवर आळ घेण्याआधी वरचा दोरा बघा

शिलाई मशीनबद्दलची तुमची तक्रार मला कळली ती अशी: वरून टीप बरी दिसते, पण कापड उलटलं की खाली दोऱ्याचं जाळं. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, तीनदा नव्याने भरून झाली, ती बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा, स्क्रू दोन्हीकडे फिरवून झाला आणि आता तर मधेच खालचा दोरा उचललाच जात नाही. तेव्हा नवी बॉबिन केस घ्यावी का?

एवढ्यात नको. आधी तो गुंता कापून हातात घ्या आणि नीट बघा. दोन्ही दोरे एकाच रंगाचे असतील तर काही कळणार नाही, म्हणून वर लाल आणि खाली निळा असे दोन ठळक रंग लावून सुती कापडाच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारा. तुमच्या वर्णनावरून खालच्या जाळ्यात बहुतेक लाल दोरा निघेल, म्हणजे वरचा.

सुई तळाला जाऊन जरा वर उठते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा बारीक फास तयार होतो. शटलचं, म्हणजे बॉबिन केसभोवती फिरणाऱ्या भागाचं, टोक तो फास पकडतं, मोठा करतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून सोडून देतं. एवढा सगळा सैल दोरा वर परत ओढायचं काम मशीनच्या तोंडाशी खालीवर होणाऱ्या दांडीचं. आता वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे ताण देणाऱ्या, दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसेल, तर ती दांडी खाली गेलेला सैल दोरा ओढण्याऐवजी रिळातूनच नवा दोरा ओढते, कारण तो सोपा पडतो. तो सैल दोरा खालीच राहतो आणि दर टाक्याला त्यात भर पडते. बिचाऱ्या बॉबिनचा यात काही संबंध नसतो.

आणि दोरा चकत्यांमध्ये बसत का नाही? कारण बहुतेक वेळा आपण प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवून दोरा ओवतो. फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात, दोरा वरच्यावर तरंगत राहतो. मीही सुरुवातीला एक अख्खी संध्याकाळ स्क्रू पिळण्यात घालवली होती आणि चूक एवढीच निघाली होती. म्हणून दोरा पूर्ण काढा, फूट वर करा, सुई सगळ्यात वर आणा आणि रिळापासून पुन्हा ओवा. मग सुईजवळ दोरा ओढून बघा. फूट वर असताना तो सहज यायला हवा आणि फूट खाली केल्यावर सुई किंचित वाकेल इतका जड लागायला हवा. दोन्ही वेळा सारखाच सैल लागला तर दोरा अजून बसलेला नाही. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची शेपटं मागे घेऊन पहिले दोनतीन टाके बोटाने धरून ठेवा. नुसतं सुरुवातीलाच गोळा होत असेल तर एवढ्यानेच थांबतं.

उलट, खालचा निळा दोरा वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा दिसला, तर मात्र खालचा ताण सैल आहे किंवा वरचा फार घट्ट. तेव्हा बॉबिन केसकडे वळायचं. स्क्रूला हात लावण्याआधी केसच्या पोलादी पट्टीखाली जाड कागदाची कड सरकवून काढा. तिथे अडकलेली कापसाची एवढीशी गाठसुद्धा पट्टी उचलून धरते आणि ताण जातो.

तुम्ही स्क्रू आधीच फिरवला आहे, त्यामुळे तो जागेवर आणावा लागेल. तुमची केस बाहेर निघणारी आहे असं धरून सांगते. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याच्या टोकाला धरून लटकवा. नुसती लटकवल्यावर ती जागची हलू नये, हाताला हलका झटका दिल्यावर इंचभर खाली यावी आणि थांबावी. सरसर खाली आली तर स्क्रू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, झटक्यालाही हलली नाही तर उलटा. एका वेळी अष्टमांश फेरा, जास्त नाही. केस ओंजळीवर धरूनच हे करा, कारण तो स्क्रू एकदा जमिनीवर पडला की सापडत नाही.

आता दोरा न उचलण्याबद्दल. गुंत्यात अडकून सुई वाकली असणार, असा माझा अंदाज आहे. डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकली तरी शटलचं टोक फासाला चुकतं. नवी सुई घाला, ती वर टेकेपर्यंत सरकवा. आजकालच्या घरगुती मशीनमध्ये सुईची सपाट बाजू बहुधा मागे असते, जुन्या काळ्या मशीनमध्ये ती बाजूला असते. नेहमीच्या सुती कापडाला ९०/१४ नंबर चालतो.

बॉबिनही एकदा तपासाच. क्लास १५ आणि एल या बॉबिनच्या दोन प्रकारांचा व्यास जवळजवळ सारखा, साधारण २० मिमी, पण १५ ची उंची साडेअकरा मिमीच्या आसपास आणि एल बरीच बुटकी. एल चुकून मोठ्या केसमध्ये बसते, वरून ठीकच दिसते आणि आत खडखडत फिरते. भरताना दोरा मशीनवरच्या छोट्या चकतीतून न्यायचा राहिला तर बॉबिन पोकळ भरते. बोटाने दाबली आणि दबली तर ती उलगडून पुन्हा भरा. पॉलिएस्टर दोरा सावकाश भरा. जोरात भरला तर तो ताणलेला गुंडाळला जातो आणि शिवून झाल्यावर आखडून टिपेला चुण्या पाडतो.

केस बसवताना सुई वर हवी आणि ‘टक’ असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर ती बसलेली नाही. मग केस निसटते आणि सुईही मोडते. शटलच्या खोबणीतली धूळ ब्रशने बाहेर ओढा, तोंडाने फुंकू नका, फुंकल्याने ती आणखी आत जाते.

एवढं करून, नव्या सुईनेही टाके सुटत राहिले तर सुई आणि शटलचा मेळ बिघडला असेल. ते टायमिंगचं काम आहे, घरी करू नका. मेकॅनिककडे जाताना मशीनसोबत ती दोन रंगांची चिंधी न्या.