व्हॉक्सहॉल ३०-९८ : कॉन्टेसाच्या घराण्यातली पणजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांकडे कॉन्टेसा होती, तिचं मूळ शोधताना व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीची ३०-९८ नावाची शंभर वर्षांपूर्वीची उघडी गाडी दिसली आणि लिलावातली तिची सहा आकडी पौंडांतली किंमत बघून तुम्ही चक्रावलात. जी कंपनी पुढे साध्यासुध्या घरगुती गाड्या आणि व्हॅन काढत बसली, तिच्या या एका टूररमध्ये एवढं काय आहे? आणि ती चालवायला खरंच मजा येते, की नुसतं जुनं ते सोनं?

मी मालक नाही, होण्याची शक्यताही नाही. पण बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतोय, सुट्टीच्या दिवशी जुन्या गाड्यांच्या मंडळींत लुडबुड करतो आणि एका ३०-९८ मध्ये शेजारच्या सीटवर बसून चाळीसेक मैल हिंडलोय. तेवढ्या अधिकाराने लिहितो.

काकांच्या गाडीचं नातं खरं आहे. कॉन्टेसा सत्तरच्या दशकातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली, आणि आपल्याकडे पूर्वी दिसणारे बेडफर्ड ट्रकही याच कंपनीच्या घरातले. पण ३०-९८ कडून थेट कॉन्टेसाकडे रेघ ओढू नका. मधे एक मोठी भिंत आहे, तिच्याबद्दल पुढे.

आधी शब्दांचा घोळ. ‘टूरिंग कार’ म्हटलं की आज लोकांना बंद छपराच्या (सलून) गाड्यांची शर्यत आठवते. त्या काळी टूरर म्हणजे चार-पाच जणांची उघडी गाडी: घडीचं कापडी टप, दरवाज्याला काच नाही, पाऊस आला तर बाजूने पडदे लावायचे. ‘व्हिंटेज’ हा शब्द तर आपण वाटेल तिथे वापरतो. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळा नंबर मिळतो, त्या हिशेबाने सुरुवातीची फियाटही व्हिंटेज झाली. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबचं सोवळं कडक. १९१९ ते १९३० मधली असेल तरच ती व्हिंटेज, त्यानंतरची नाही.

आता कंपनी. लंडनच्या व्हॉक्सहॉल भागात १८५७ मध्ये अलेक्झांडर विल्सनने काढलेला हा कारखाना बोटींची इंजिनं करायचा. पहिली मोटार १९०३ ची, आणि १९०५ मध्ये बिऱ्हाड ल्यूटनला हललं. खरी गोष्ट सुरू होते १९०७-०८ च्या हिवाळ्यात. मुख्य इंजिनिअर सुट्टीवर इजिप्तला गेले होते. मागे राहिलेल्या लॉरेन्स पोमरॉय नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराला दोन हजार मैलांच्या चाचणीसाठी नवं इंजिन करायला सांगितलं गेलं. त्याने केलेली गाडी १९०८ मध्ये तिच्या वर्गात पहिली आली. साहेब परतल्यावर ऑफिसात काय वातावरण असेल याची कल्पना कुठल्याही नोकरदार माणसाला करता येईल.

याच इंजिनाची ताकद वाढवत १९१० मध्ये जर्मनीच्या प्रिन्स हेन्री ट्रायलला (लांब पल्ल्याच्या मोटार-चाचणीला) तीन गाड्या गेल्या. त्यावरून ‘प्रिन्स हेन्री’ हे मॉडेल निघालं, तेही पुढे चार लिटरपर्यंत पोचलं. १९१३ मध्ये जोसेफ हिगिन्सन नावाचं गिऱ्हाईक दारात आलं. ऑटोव्हॅक नावाचं पेट्रोल ओढणारं यंत्र करणारा हा गृहस्थ चढावाच्या शर्यतींच्या नादी लागलेला. त्याला इंग्लंडमधल्या शेल्सली वॉल्श इथला शर्यतीचा चढ मारायचा होता. पोमरॉयने प्रिन्स हेन्रीचं ९५ बाय १४० मिलीमीटरचं (आधी सिलिंडरचा व्यास, मग पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक) इंजिन ९८ बाय १५० वर नेलं, म्हणजे साधारण साडेचार लिटर, आणि ते हलक्या गाडीत बसवलं. त्या जूनमध्ये हिगिन्सनने हजार यार्डांचा तो चढ ५५.२ सेकंदांत मारला. मधे महायुद्ध आलं हे खरं, पण तो विक्रम १९२१ पर्यंत टिकला.

‘३०-९८’ या नावावर मंडळी आजही हातघाईवर येतात. ९८ हा आकडा सिलिंडरच्या व्यासाशी जुळतो, त्यापुढचं भांडण बिअर प्यायल्यावर ऐकावं. मला त्यापेक्षा रोचक वाटतो तो कर. इंग्लंडमध्ये १९२१ पासून मोटारीवर हॉर्सपॉवरमागे एक पौंड कर लागला, पण ही हॉर्सपॉवर कागदावरची, फक्त सिलिंडरच्या व्यासावरून काढलेली. पिस्टन किती खोल जातो हे सरकार विचारतच नसे. म्हणून ब्रिटिश इंजिनं बारीक आणि उंच होत गेली. आपली बाई तर आधीपासूनच लांब स्ट्रोकची. कागदावर २३.८, प्रत्यक्षात सुमारे नव्वद.

युद्धानंतर ही गाडी नेमाने विकायला आली. पहिली ‘ई’, साइड व्हॉल्व्हची, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला. १९२२ च्या शेवटी ‘ओई’ आली. तिचे व्हॉल्व्ह माथ्यावर, इंजिन किंचित लहान म्हणजे ४,२२४ सीसी, पण ताकद ११० हॉर्सपॉवरच्या आसपास. चार सीटांच्या टूरर बॉडीचं नाव व्हेलॉक्स. वेन्सम नावाची नावेच्या शेपटीची बॉडीही होती. फोटोत लोक तिच्यावरच भाळतात, पण मला व्हेलॉक्सच शहाणी वाटते. ई आणि ओई मिळून सहाशेच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातल्या पुष्कळ ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या लांबलचक कच्च्या रस्त्यांना हलकी, उंच आणि जोरकस गाडीच हवी होती.

आता मजेचं.

मी बसलो ती ओई व्हेलॉक्स. मालक ऐंशीच्या घरातले म्हातारबुवा. उजव्या बाजूला गिअर आणि हँडब्रेकचे दांडे, त्यामुळे आधी त्यांनी डावीकडून चढून सरकत जायचं, मग मी. बॉनेटच्या दोन्ही कडांनी व्हॉक्सहॉलची ओळख असलेल्या त्या प्रसिद्ध खोलगट पन्हळी पुढे उतरत गेलेल्या. सीटवर बसलं की नजर आपोआप त्यांच्यावरून रस्त्यावर जाते, जणू बंदुकीचा नेम धरलाय. त्यांनी मला एक जुनं फडकं दिलं. कशाला, ते पाच मिनिटांत कळलं. गरम तेलाचा बारीक शिडकावा अधूनमधून चष्म्यावर येत होता.

गाव सोडल्यावर त्यांनी टॉप गिअर टाकला आणि मग गिअरच्या दांड्याला जवळपास हातच लावला नाही. वळण आलं, पुढे ट्रॅक्टर आला, वेग पंधरा मैलांवर उतरला. मी मनात म्हटलं, आता दुसरा टाकणार. त्यांनी स्टिअरिंगवरच्या छोट्या दांडीने स्पार्क जरा मागे घेतला (म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी किंचित उशिरा पडेल असं केलं), पायाने हलकेच दाबलं आणि गाडी न कुरकुरता उचलली. गावाकडे विहिरीवरचं इंजिन चालतं ना, प्रत्येक ठोका वेगळा मोजावा असं? ठोके तसेच, फक्त त्यात घाई भरलेली. साठ मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला जेमतेम दोन हजार फेरे घेतं. आजची छोटी गाडी तिथे तीन हजारांच्या आसपास किंचाळत असते. आवाज मोठा होता, पण तो ताण पडल्याचा नव्हता.

गिअर बदलायचाच झाला तर डबल क्लच. जुन्या एसटीच्या ड्रायव्हरना आठवा: क्लच, न्यूट्रल, रेस, पुन्हा क्लच. बुवांचा एकदा अंदाज चुकला आणि गिअरबॉक्समधून लोखंडी डब्यात खडी ओतावी तसा आवाज आला. तेवढ्यापुरते ते ओशाळले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सॉरी.’ मला नव्हे, गाडीला.

ब्रेकबद्दल खरं सांगतो, कारण कौतुकाच्या लेखांत हे दडवतात. सुरुवातीच्या गाड्यांना पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. पायाचा ब्रेक गिअरबॉक्समागच्या शाफ्टला धरायचा, हाताचा मागच्या चाकांना. पुढच्या चाकांना ब्रेक आले १९२३ च्या शेवटी, आणि तेही नावापुरते. वरचं सामान काढून हलक्या केलेल्या गाडीने ब्रूकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी शंभर मैल गाठून दाखवू अशी हमी कंपनी द्यायची. थांबण्याची हमी मात्र दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. उतारावर बुवांचा उजवा हात हँडब्रेकवरच होता आणि नजर दोनशे यार्ड पुढे. त्या चाळीस मैलांत ते माझ्याशी बोलले ते फक्त चढावर.

माझ्या मते आकर्षण नेमकं इथे आहे. चार लिटरांवरचं, तरी ओझं न वाटणारं इंजिन हलक्या चौकटीत, आणि ड्रायव्हरला सतत पुढचा विचार करायला लावणारी गाडी. तीन लिटरची बेंटली तिच्या बरोबरीने उभी असते आणि नाव बेंटलीचं जास्त, कारण १९२४ ला आणि मग १९२७ ते १९३० सलग चार वर्षं फ्रान्समधली ले मां ही चोवीस तासांची शर्यत बेंटलीने जिंकली. व्हॉक्सहॉल त्या रिंगणात उतरलीच नाही. पण दोन्हींत बसलेल्या माणसाला विचारा. बेंटली भक्कम, गंभीर, जरा जड, ३०-९८ चपळ. बेंटलीवाल्यांनी शिव्या घातल्या तरी चालेल.

आता ती भिंत. १९२५ च्या शेवटी अमेरिकेच्या जनरल मोटर्सने पंचवीस लाख डॉलरना व्हॉक्सहॉल विकत घेतली. हाताने, थोड्या संख्येने आणि श्रीमंतांसाठी गाड्या करणारा कारखाना त्यांना नकोच होता. १९२७ मध्ये ३०-९८ बंद झाली आणि व्हॉक्सहॉल सर्वसामान्यांची गाडी करणारी कंपनी झाली. बेडफर्ड ट्रक, व्हिक्टर आणि तिच्यामार्गे तुमच्या काकांची कॉन्टेसा, सगळं भिंतीच्या अलीकडचं. ल्यूटनचा कारखानाही मार्च २०२५ मध्ये बंद झाला, शेवटी तिथे फक्त व्हॅन बनत होत्या.

इंग्लंडला येणं झालं तर संग्रहालयात दोरीपलीकडून बघण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यात शेल्सली वॉल्शला त्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची चढावाची स्पर्धा असते, त्याच हजार यार्डांवर. पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात त्या आवारात, हिंडता येतं, मालक मंडळी बोलकी असतात, फक्त ‘किती देते?’ हा आपला प्रश्न पहिल्या वाक्यात विचारू नका. जेवणाआधी वर ‘एसेस’च्या (इंग्रजी एस अक्षरासारख्या) वळणाशी जाऊन उभे राहा. खालून आवाज येतो, झाडीमुळे गाडी दिसत नाही. बाकीच्या गाड्या तिथे गिअर खाली आणताना ऐकू येतात. एखादी मधेच न अडखळता, एकाच सुरात वर येताना ऐकलीत, तर पुढे डोकावायच्या आधीच बॉनेटवरच्या पन्हळी डोळ्यांसमोर आणून ठेवा.