सरावसंच जरा विस्कटून दे

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

सरावसंचात पटापट उत्तरं काढणारी मुलं घटक चाचणीत अडकतात, असं तू लिहिलंस. त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही, असं मात्र समजू नकोस. वृत्तचितीच्या घनफळाचा सरावसंच म्हणजे सगळ्या गणितांना एकच सूत्र. दुसऱ्या गणितापासून पोरं नुसते आकडे भरतात. चाचणीत आधी सूत्र निवडावं लागतं, आणि निवडायचा सराव आपण दिलेलाच नसतो.

2007 साली अमेरिकेतल्या डग रोहरर आणि केली टेलर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांना घनफळाची गणितं दिली. एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला सरमिसळ. सरावात पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची 60. आठवड्याने परीक्षा घेतली, तर पहिला गट 20 टक्क्यांवर आणि सरमिसळवाला 63 वर! वर्गात छान चाललेलं टिकतंच असं नाही.

म्हणून केळीच्या मळ्यातली गोल टाकी घे. व्यास 1.4 मीटर, उंची 2 मीटर. पाणी किती मावेल? बाहेरच्या भिंतीला रंग किती चौरस मीटर? काठाला पट्टी किती लांब? टाकी तीच, उत्तरं 3080 लिटर, 8.8 चौरस मीटर, 4.4 मीटर. सोडवण्याआधी प्रत्येकाने सूत्र निवडायचं आणि तेच का, हे शेजारच्याला सांगायचं. अहिराणीत सांगू दे. "मॅडम, कोणतं सूत्र लावानं?" असं विचारलं तरी लगेच सांगू नकोस.

नवा घटक असेल तेव्हा मात्र आधी दोन-तीन गणितं फळ्यावर पायरीपायरीने पूर्ण सोडवून दाखव. मग सरमिसळ. आणि तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं मिटून मागच्या महिन्यातलं एखादं गणित, बिनगुणांचं.

वह्यांत चुका वाढतील, पालक विचारतील. त्यांना पंधरा दिवसांनी घेतलेली चाचणी दाखव.

"आपल्याकडच्या पोरांना गणित जमत नाही" हे ऐकलं की मला फार राग येतो. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटण्याला. 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे तिथे. पोरांना एकदा घेऊन जा.

पहिल्या सरमिसळ संचाचा कागद मला पाठव. मी बघून देतो.

तुझे सर