'क्लिअर अँड प्रेझेंट डेंजर' पहिल्यांदा वाचताय?

जॅक रायन या नायकाच्या मालिकेतले आधीचे भाग वाचलेच पाहिजेत असं काही नाही. टॉम क्लॅन्सीची ही १९८९ची कादंबरी एकटीही वाचता येते. खुशाल सुरू करा.

बहुतेक जण अडखळतात ते सुरुवातीलाच. जॅक रायन कुठाय म्हणून पानं उलटत बसतात. बराच वेळ तो बाजूलाच असतो. कोलंबियाच्या डोंगरात उतरणारा सार्जंट चावेझ आणि सीआयएचा क्लार्क, खरी पकड या दोघांवर ठेवा.

तटरक्षक दलाला समुद्रात सापडलेल्या यॉटचा भाग मात्र अजिबात गाळू नका. पैशांच्या व्यवहाराचा धागा तिथूनच निघतो. तो सुटला की वॉशिंग्टनमधल्या बैठका डोक्यावरून जातात.

- पुठ्ठ्याच्या आत तीन रकाने आखा: सैनिक, वॉशिंग्टन, कार्टेल (अमली पदार्थांची टोळी). नाव आलं की लिहा. कोर्तेझ क्यूबाचा माजी गुप्तहेर, हे टिपाच.
- 'शोबोट' म्हणजे जंगलातल्या तुकड्या. बाकी सांकेतिक नावं हळूहळू उलगडतात.
- हेलिकॉप्टर, रेडिओची वर्णनं भराभर वाचली तरी चालेल.

१९९४चा सिनेमा नंतर बघा, शेवट बराच बदललाय.