वेल्डरचा नंबर बदललेला असेल तर आधी त्याचा दाखला काढा, पुरस्काराचा फॉर्म नंतर भरा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. वडील चोवीस वर्षं हाय प्रेशर वेल्डर. कंपनीने प्रधानमंत्री श्रम पुरस्कारासाठी त्यांचं नाव पाठवायचं ठरवलं. आता ऑफिस म्हणतंय की जॉइंटच्या एक्स-रे रिपोर्टवर त्यांचं नाव कुठेच नाही, नुसता नंबर आहे, आणि मधली काही वर्षं तो नंबरही वेगळा दिसतो. हातात तीन आठवडे. हेच्या हेच माझ्या बाबतीत २००४ साली झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फॉर्म कुठे मिळतो, फोटो किती लागतात, हे सगळं तुम्ही शोधलेलं दिसतंय. ते सोडून देतो.

मी औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडलो आणि १९८६ ला चिंचवड-भोसरी पट्ट्यातल्या एका बॉयलर कारखान्यात लागलो. टेस्ट पीस पास झाल्यावर मला ४१ नंबर मिळाला. त्या दिवसापासून मी जोडलेल्या प्रत्येक जॉइंटच्या शेजारी ४१ चा पंच, म्हणजे धातूवर ठोकलेला आकडा. रात्री शॉप रिकामं करून इरिडियमने शूटिंग करायचे, म्हणजे त्या किरणोत्सर्गी धातूच्या किरणांनी जॉइंटचा एक्स-रेसारखा फोटो काढायचे, तेव्हा फिल्मवर जॉइंट नंबरासोबत शिशाच्या आकड्यांत ४१. कारखान्यात वेल्डर म्हणजे त्याचा नंबरच. 'एक्केचाळीसचं रूट (जॉइंटचा सगळ्यात आतला, पहिला थर) आहे, बघायला नको' असं इन्स्पेक्टर म्हणाले की आठवडाभर अंगात बळ असायचं.

१९९८ मध्ये मला साइटवर पाठवलं. चौदा महिन्यांनी परत आलो तर माझा ४१ एका नव्या मुलाला दिलेला. मला ८७ दिला. मला वाईट वाटलं, पण काम तर काम, असं म्हणून गप्प बसलो. तिथेच पहिलं चुकलं. नंबर बदलल्याचं एका ओळीचं पत्र त्या दिवशी मागितलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं.

२००४ ला कंपनीने श्रम पुरस्कारासाठी तीन नावं काढली, त्यात माझं एक. आमच्याच कंपनीच्या आतल्या एका ऑफिसने माहितीचा तक्ता टाइप केला. त्यात लिहिलं होतं : 'वेल्डर क्रमांक ४१, कालावधी १९८६ ते २००४'. मी संध्याकाळी शिफ्ट संपवून, हात धुऊन तिथे गेलो. त्यांनी पानं उलटी करून फक्त सहीची जागा पुढे केली. मी सह्या केल्या. वाचलं नाही. पाच सह्या, एक मिनिट.

त्याचा परिणाम असा की १९९९ पासूनचे त्या मुलाचे सगळे रिपेअर, म्हणजे दोष निघाल्यामुळे पुन्हा करावे लागलेले जॉइंट, माझ्या नावावर चढले. तो तेव्हा शिकत होता, पाइपच्या खालच्या बाजूला त्याला पोरॉसिटी (धातूत अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे) यायची, त्यात त्याचा काही दोष नाही. पुढे तो उत्तम वेल्डर झाला. उलट ८७ नंबरावर मी केलेलं सगळं काम, त्यात अलॉय स्टीलच्या हेडरचं (बॉयलरच्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या जाड पाइपचं) माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, ते तक्त्यात आलंच नाही. माझा वर्षाचा रिपेअर दोन टक्क्यांच्या वर कधी गेला नव्हता. कागदावर साडेसहा टक्के दिसला. कंपनीच्या आतल्या छाननीतच फॉर्म बाजूला पडला.

मला कुणी सांगितलंही नाही. मी विचारायला चार वेळा गेलो. 'वर गेलंय', 'साहेब रजेवर आहेत', 'दिल्लीहून उत्तर यायचंय', हीच उत्तरं. प्रत्यक्षात कागद त्यांच्याच कपाटात होता. आठ महिन्यांनी एनडीटीतल्या (जॉइंट न तोडता तपासणाऱ्या विभागातल्या) मित्राकडून खरं कळलं. मी तक्ता दुरुस्त करून मागितला, तर उत्तर आलं, 'तुमची सही आहे, आता बदलता येत नाही, पुढच्या वर्षी बघू.' पुरस्कार न मिळाल्याचं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्यापेक्षा चांगले हात मी पाहिलेत. पण माझ्या अठरा वर्षांच्या कामाचा कागद चुकीचा होता आणि तो दुरुस्त करायला कुणाला पाच मिनिटं नव्हती, हे अजून टोचतं.

आणि पुढचं वर्ष माझ्यासाठी आलंच नाही. २००५ ला मला सुपरवायझर केलं. हा पुरस्कार तेव्हा औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या व्याख्येत बसणाऱ्या कामगारालाच असायचा. देखरेखीचं काम करणारा आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस त्या व्याख्येतून बाहेर पडतो. तेव्हा ही रक्कम महिन्याला १,६०० रुपये होती, म्हणजे कुठलाच सुपरवायझर बसत नव्हता. २०१० च्या दुरुस्तीत ती १०,००० झाली आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. वडिलांना बढतीचं पत्र येणार असेल तर हे आधीच डोक्यात ठेवा. बढती नाकारा असं मी म्हणत नाही, घर पगारावर चालतं. पण फॉर्म आणि बढती एकाच वर्षात येत असतील तर तारखा तपासा.

आता तुमचं काम. ज्या ऑफिसने 'नाव नाही' म्हणून सांगितलं त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका. नंबर कुणाचा, हे त्यांना ठाऊक नसतं. क्वालिटी विभागात जा. एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डिंगच्या अमेरिकन नियमावलीप्रमाणे काम करणाऱ्या कंपनीला प्रत्येक वेल्डरला स्वतंत्र ओळख-नंबर द्यावाच लागतो आणि त्याच्या पात्रतेचा रेकॉर्ड ठेवावा लागतो. त्या रेकॉर्डवर नाव, नंबर आणि टेस्टची तारीख तिन्ही एकत्र असतात. वडिलांच्या प्रत्येक नंबराचा पहिला असा कागद मिळवा.

दुसरं, कंटिन्यूइटीची वही. त्याच नियमात असं आहे की एखाद्या प्रोसेसवर, म्हणजे वेल्डिंगच्या पद्धतीवर, सहा महिने काम केलं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते. म्हणून क्वालिटीवाले वेल्डरनिहाय नोंद ठेवतात की अमुक तारखेला अमक्याने टिग केलं, आर्क केलं. नंबर कोणत्या महिन्यात बदलला ते या वहीत सापडतं. माझ्या बाबतीतही ते तिथेच होतं, मला शोधायचं सुचलं नाही.

तिसरं, आयबीआरची, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांखालची, वेल्डर सर्टिफिकेटं. ती मुदतीची असतात, म्हणून चोवीस वर्षांत बरीच साचली असतील. एकही फेकू नका, मुदत संपलेली तर मुळीच नको.

या तिन्हींवरून एक साधा तक्ता करा : या तारखेपासून त्या तारखेपर्यंत हा नंबर, पुरावा हा. खाली क्वालिटी मॅनेजरची सही आणि शिक्का. आणि त्यात एक वाक्य हवंच : 'या कालावधीबाहेर सदर क्रमांक अन्य वेल्डरकडे होता.' हे वाक्य घालायला ते कुरकुरतील, कारण नंबर पुन्हा वापरल्याचं लेखी द्यावं लागतं. अडून बसा. सगळा फरक या वाक्याने पडतो. जुन्या फिल्म्स कंपनीने काढून टाकल्या असतील तर घाबरू नका, रिपोर्ट आणि वेल्ड मॅप (कोणता जॉइंट कुठे ते दाखवणारं ड्रॉइंग) बहुतेक वेळा राहतात. काही अलॉय स्टीलवर खोल पंच मारत नाहीत, तिथे वेल्डरचा नंबर वेल्ड मॅपवरच असतो, तेव्हा नुसते जॉइंटचे फोटो काढून भागणार नाही.

रिपेअरच्या टक्क्याबद्दल माझं ठाम मत आहे, काही जणांना पटणार नाही. टक्का कोणत्या हिशोबाने काढला ते लिहिल्याशिवाय तो आकडा फॉर्मवर टाकूच नये. उदाहरण घ्या. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण ३५९. असे ५० जॉइंट केले आणि त्यातल्या दोन जॉइंटमध्ये १५-१५ मिलिमीटरचा दोष निघाला. जॉइंटवर मोजलं तर रिपेअर ४ टक्के. लांबीवर मोजलं तर १७,९५० मिलिमीटरमध्ये ३०, म्हणजे ०.१७ टक्के. दोन्ही आकडे खरे. पण एका कंपनीचा माणूस ४ लिहितो आणि दुसरीचा ०.१७, आणि वाचणारा साहेब वेल्डिंगचा असतोच असं नाही. दोन्ही लिहा, पद्धतीसकट.

आणि 'अत्यंत मेहनती, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ' हा परिच्छेद कुणी लिहून दिला असेल तर काढून टाका. प्रत्येक फॉर्मवर तोच असतो. त्याऐवजी लिहा : अमुक जाडीचा पाइप, अमुक मटेरियल, सिक्स जी पोझिशन (पाइप ४५ अंशांत तिरका, न फिरवता), एका बाजूला भिंत असल्यामुळे आरशात बघून रूट मारला, पहिल्या शूटिंगला पास. वेल्डिंग कळणारा एक जरी माणूस समितीत असला तरी तो तिथे थांबेल. श्रम पुरस्कारात कामाच्या सातत्याबरोबर उत्पादकतेतला वाटा, नवी कल्पना, प्रसंगावधान आणि धाडस हेही बघतात. वडिलांनी कधी शॉपमध्ये आग विझवली असेल, कुणाला वाचवलं असेल, तर ते तारखेसह घाला. आपली माणसं हे घरी सांगतात, फॉर्मवर लिहित नाहीत.

तुम्ही रकमेचं विचारलं होतं. १९८५ पासूनच्या या योजनेत चार पायऱ्या आहेत : श्रमरत्न २ लाख, श्रमभूषण १ लाख, श्रमवीर किंवा वीरांगना ६० हजार, श्रमश्री किंवा देवी ४० हजार. खासगी कंपनीत ५०० किंवा अधिक कामगार हवेत. हे मी माझ्या माहितीप्रमाणे सांगतोय. मी वकील नाही, चालू वर्षाचं परिपत्रक हेच खरं, ते स्वतः वाचा.

५०० ची अट अडली तर बाकीच्या वाटा आहेत. विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगाराने दिलेल्या सूचनेसाठी असतो, म्हणजे उत्पादन वाढलं, सुरक्षितता वाढली अशी एखादी कल्पना. त्याचं काम मुंबईत शीवला असलेली डीजीफासली ही केंद्राची संस्था बघते. पण त्यासाठी सूचना लेखी दिलेली आणि कंपनीच्या सूचना योजनेत नोंदलेली असावी लागते. आपल्याकडे वेल्डर फिक्श्चर (काम धरून ठेवायचं साधन) सुचवतो तोंडी, ड्रॉइंगवर नाव येतं इंजिनिअरचं. वडिलांना सांगा, आजपासून प्रत्येक कल्पना सूचनापेटीत, तारीख घालून, आणि पोच घेऊन.

राज्याचा गुणवंत कामगार पुरस्कार महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा. पगारातून जून आणि डिसेंबरला ज्याचा कल्याण निधी कापला जातो तेच हे मंडळ. तिथे नुसतं काम बघत नाहीत, सामाजिक, सांस्कृतिक कामही बघतात. वडील भजनी मंडळात असतील, रक्तदान करत असतील, कामगार नाट्यस्पर्धेत उतरले असतील तर तिथे त्याला वजन आहे. माझ्या ओळखीच्या एका वेल्डरला तो मिळाला. वेल्डिंगइतकंच त्याच्या वस्तीतल्या वाचनालयाचं काम मोजलं गेलं, आणि ते योग्यच झालं.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वेल्डिंग ही १९६६ ची संस्था, मुख्य कार्यालय कोलकात्याला. त्यांच्याकडे वेल्डरांच्या स्पर्धा होतात. मला विचाराल तर हाताच्या माणसासाठी स्पर्धा हा सगळ्यात स्वच्छ प्रकार. प्लेट समोर, वेळ ठरलेली, वाकवून बघा, एक्स-रे काढा. कपाटातल्या फाइलवर काही अवलंबून नाही. तुमचा धाकटा भाऊ आयटीआयला वेल्डर ट्रेडला आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्याच्यासाठी इंडियास्किल्स ही कौशल्यांची राष्ट्रीय स्पर्धा बघा. तिथून पुढे वर्ल्डस्किल्स या जागतिक स्पर्धेला जाता येतं, पण वेल्डिंगला स्पर्धेच्या वर्षी वय २२ च्या वर चालत नाही. म्हणजे त्याला आत्ताच सुरुवात करायला हवी.

एक किरकोळ पण महत्त्वाचं. जुने फॅक्स आणि थर्मल कागदावरचे प्रिंट असतील तर आजच झेरॉक्स काढा. माझे दोन कागद पांढरेफटक झाले होते, त्यावरची सही सुद्धा दिसत नव्हती. फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कारखान्याच्या लॉकरमध्ये नको, घरी.

बॉयलरवर कंपनीची पाटी असते, इन्स्पेक्टरचा शिक्का असतो. ज्याने आत शिरून, प्रीहीट केलेल्या गरम पाइपाला छाती लावून तो जोडला त्याचा फक्त दोन आकडी पंच, तोही इन्सुलेशनखाली झाकला जातो. म्हणून हे पुरस्कार मला क्षुल्लक वाटत नाहीत. तिथे पूर्ण नाव लिहितात, वडिलांच्या नावासकट.

तेव्हा सोमवारी क्वालिटी विभागात जा. नंबराचा दाखला तीन प्रतींत घ्या, एक घरी ठेवा, फॉर्म दिल्याची पोच तारखेसह घ्या. आणि ऑफिसने टाइप केलेला तक्ता समोर आला की सही करण्याआधी वडिलांना तो नंबरांचा रकाना बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगा, एकेक वर्ष. समोरचा माणूस घाई करेल. करू दे.