गावाच्या हवामान आराखड्यात आदिवासींचं पारंपरिक ज्ञान कसं घ्यावं?

सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरण्याचा-राखण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावाच्या हवामान आराखड्यात आदिवासींचं पारंपरिक ज्ञान "कोणत्या तक्त्यात" भरायचं, असं तुम्ही विचारलंय. तक्त्यात भरूच नका. आधी लोकांना जागा दाखवू द्या, नकाशा मग काढा. हा क्रम उलटला की काय होतं ते मी पाहिलंय.

एका ग्रामसभेबरोबर मी आराखड्याचं काम करत होतो. बाहेरच्या सल्लागारांनी एप्रिलमध्ये पाहणी केली आणि उतारावरचा एक पट्टा "रिकामी जागा, वृक्षारोपणास योग्य" म्हणून रंगवला. बैठकीत एक आजी म्हणाल्या, "तिथं आमचा कंद हाय." सल्लागार म्हणाले, दिसत तर नाही. एप्रिलमध्ये दिसणार कसा? रानकंदाचा वेल पावसाळा सरला की वाळतो, कंद जमिनीत राहतो. आजींनी आम्हाला तिथे नेलं. वाळका वेल जिथे मातीत शिरला होता तिथे पहारीनं खणलं, खालचा कंद काढून घेतला आणि वरचा डोळ्याचा तुकडा त्याच खड्ड्यात ठेवून माती दाबली. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटतो. भात बुडाला त्या वर्षी गावातली घरं या कंदावर तगली होती. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं, ज्याला अनुकूलन म्हणतात, ते हेच. तरी अहवालात शेरा आला, "ऐकीव माहिती". दुसऱ्यानं मोजलेला पाऊस अहवालाला चालतो, मग डोळ्यांदेखत खणून दाखवलेला कंद ऐकीव कसा? शेवटी ग्रामसभेनं ठराव करून तिथलं वृक्षारोपण नाकारलं.

आराखडा करण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीचाच आहे. जैवविविधतेच्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानंच मान्य केलाय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं विड्यांसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, कारण नव्या पालवीसाठी झाडं छाटतात, आगी लावतात आणि जंगल खंगतं. हातची कमाई सोडून घेतलेला हा निर्णय आहे. असे निर्णय आराखड्याच्या पहिल्या पानावर हवेत, परिशिष्टात नकोत.

हे मात्र खरं, की जुने आडाखे आता चुकू लागलेत. मोहाचा बहर, पहिल्या पावसाच्या खुणा पूर्वीसारख्या जुळत नाहीत, हे जाणती माणसंच सांगतात. म्हणून गावात पर्जन्यमापक बसवा आणि नोंदी गावातल्याच मुलामुलींकडे द्या. औषधी वनस्पतींच्या नेमक्या जागा ग्रामसभेच्या ठरावाशिवाय छापू नका, वरून कितीही मागणी आली तरी.