मेरिनो, अ‍ॅक्रिलिक आणि कॉटन सोडून विणायला कोणते दुर्लक्षित धागे वापरून बघावेत?

हा प्रश्न खरं तर माझ्या जाऊबाईंनी वाचायला हवा. माझं उत्तर लिनन. घाई असेल तर इथेच थांबा.

आमच्याकडे विणकामातला शेवटचा शब्द जाऊबाईंचा, आणि त्यांची परीक्षा एकच, गुंडा उचलायचा नि गालाला लावायचा. मी लिननचा बिनबाह्यांचा टॉप विणायला घेतला तेव्हा तर त्यांनी तो गालापर्यंतही नेला नाही, "सुतळीचं काय विणत बसलीयेस गं?" म्हणाल्या, तेही चार माणसांसमोर. मी गप्प बसले, पण टॉप पूर्ण केला.

आता लिनन विणताना छळतं हे कबूल. धाग्याला ताण अजिबात नाही, लोकर ओढली की परत जागेवर येते तसं इथे काही होत नाही, त्यामुळे एक टाका सैल एक घट्ट असं सगळं उघडं पडतं, आणि गुंडा इतका गुळगुळीत की बाहेरचे वेढे आपोआप घसरून खाली गुंता होतो (जुन्या मोज्यात घालून ठेवा). टॉप सुयांवरून उतरला तेव्हा इतका ताठ होता की टेबलावर उभा राहिला असता. मग मी तो गरम पाण्यात धुतला, पिळला, चक्क आपटला, आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवली. टाके सारखे बसले आणि कापड अंगासरशी पडायला लागलं. जवसाच्या खोडातला तंतू तो, ओला झाला की आणखी मजबूत होतो, आणि जितका धुवाल तितका मऊ होत जातो. म्हणजे दुकानात हाताला जे लागतं त्यावरून काहीच कळत नाही!

आणि जाऊबाईंचं ते लाडकं सुपरवॉश (मशीनमध्ये धुता येणारं) मेरिनो, म्हणजे मेरिनो मेंढीची मऊ लोकर? पहिल्याच धुण्यात त्यांचं कार्डिगन मांडीपर्यंत लोंबलं. होणारच. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, सुपरवॉश करताना सहसा ते क्लोरीनने झिजवतात आणि वर पॉलिमरचा पातळ थर देतात, त्यामुळे मशीनमध्ये आटत नाही हे खरं, पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत. त्यात ओलं कार्डिगन हँगरला लटकवलेलं. तरी दोष कोणाला, तर पॅटर्नला.

बाकीचे धागे थोडक्यात सांगते. शेटलंड (स्कॉटलंडच्या बेटांवरच्या मेंढ्यांची) लोकर घ्या, बिनसुपरवॉश. कातताना लावलेल्या तेलामुळे लडी रुक्ष आणि बारीक वाटते, कोमट पाण्यात धुतली की फुलते. तिचे तंतू एकमेकांना इतके धरतात की फेअर आयलचं रंगीत विणकाम करणारे अख्खा स्वेटर गोल विणून पुढून सरळ कात्रीने कापतात, तरी टाके सुटत नाहीत. मऊपणा हवाच असेल तर ब्लूफेस्ड लेस्टर या जातीच्या मेंढीची लोकर बघा, लांब तंतू, छान चमक, आणि मेरिनोपेक्षा गोळे कमी धरते. मोज्यांसाठी सगळे 75 टक्के लोकर आणि 25 टक्के नायलॉन घेतात, त्याऐवजी मोहेअर मिसळलेली लोकर घेऊन बघा, टाच चांगली टिकते. (मोहेअर अंगोरा बकरीचं, अंगोरा मात्र सशाचं. यावरूनही आमच्या घरात वाद झालेला आहे.) आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे जुना स्वेटर उसवून काढलेली लोकर, तिची लडी करून धुवायची आणि लटकवून वाळवायची, वाकडेपणा जातो. फक्त आधी आतली शिवण बघा, कापून ओव्हरलॉक केलेली असेल तर हातात नुसते तुकडे येतील.

हां, लिननचं एक राहिलं. बॉर्डरला दोन उलट दोन सुलट घालू नका, ती आवळून बसतच नाही. वेण्यांची वीणही नको, हात भरून येतात. टोपी, हातमोजे वगैरे ताण लागणाऱ्या गोष्टी लोकरीतच करा. नुकतंच विणायला शिकत असाल तर आधी सहा महिने लोकरीवर हात बसवा. आणि सुया बांबूच्या घ्या, स्टीलवरून टाके फार सरकतात.